राजाबाई टॉवर, कन्व्होकेशन हॉल आणि आपल्या बडोदेकरांच्या पदव्या

रावपुऱ्याचा_राव

मंडळी,

गेल्या पंधरवड्यात भाचीच्या लग्नाला मुंबईला जाणं झालं. मुहूर्त संध्याकाळचा, कार्यालय दादरला, आणि घरातल्या बायका सकाळपासून मेंदी न् साड्यांच्या घोळात. मला कुणी काही काम सांगेना. म्हटलं, नाहीतरी आपण अडगळच. चर्चगेटची लोकल पकडली आणि ओव्हल मैदानाच्या कुंपणाला टेकून तासभर मुंबई विद्यापीठाचा घड्याळाचा मनोरा, राजाबाई टॉवर, बघत उभा राहिलो.

तिथून शंभरदा गेलो असेन. कधी टॅक्सीतून, कधी पावसात छत्री सावरत. नीट बघितला तो यावेळी.

आता मूळ मुद्दा. आमच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात पणजोबांचं बी.ए.चं प्रमाणपत्र आहे, गुंडाळी करून जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं. पणजोबा शिकले आपल्या बडोदा कॉलेजात, म्हणजे आजच्या आर्ट्स फॅकल्टीच्या घुमटाखाली. कागदावर नाव मात्र बॉम्बे युनिव्हर्सिटीचं. लहानपणी मला वाटायचं, छापणाऱ्याची चूक असणार. मग वडिलांनी सांगितलं की आपलं विद्यापीठ १९४९चं, तोवर कॉलेज मुंबईला जोडलेलं होतं. कॉलेज सुरू झालं १८८१ला. म्हणजे सत्तर वर्षांच्या आसपास बडोद्याची पोरं शिकली चिझम नावाच्या इंग्रज वास्तुकाराने काढलेल्या घुमटाखाली, आणि पदवीवर शिक्का बसला तो ज्याचा पदवीदानाचा हॉल गिल्बर्ट स्कॉटने काढला त्या विद्यापीठाचा.

हा वास्तुकार सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट म्हणजे त्या काळचा इंग्लंडातला गॉथिकचा, म्हणजे टोकदार कमानींच्या जुन्या युरोपीय शैलीचा, सर्वात मोठा कंत्राटदार म्हणा ना. लंडनचं सेंट पँक्रस स्टेशनवरचं हॉटेल त्याचं, ग्लासगो विद्यापीठाची इमारत त्याची. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ला, पण स्वतःचं घर नव्हतं. स्कॉटने नकाशे काढून लंडनहून पाठवले. स्वतः हिंदुस्थानात एकदाही आला नाही. कन्व्होकेशन हॉल १८७४ला पुरा झाला. टॉवरची पायाभरणी १ मार्च १८६९ची, तो पुरा झाला नोव्हेंबर १८७८ला. आणि स्कॉट गेला त्याच वर्षीच्या मार्चमध्ये.

म्हणजे २८० फुटी टॉवर, आणि काढणाऱ्याने ना जागा बघितली ना काम. माझा प्रश्न साधा आहे. ज्याने मुंबईचा एक पावसाळा काढला नाही, त्याची इमारत तिथे इतकी रुजली कशी? उपरी का वाटत नाही? का मलाच सवयीने तसं वाटतंय?

जाणकारांनी लिहावं. आणि कुणाच्या घरी अशी जुनी बॉम्बेची पदवी असेल तर तेही.

चुना_आणि_वाळू

रावसाहेब, पस्तीस वर्षं बांधकाम खात्यात काढली, म्हणून दोन शब्द.

गॉथिक म्हटलं की लोकांना टोकं, सुळके, भुताचे सिनेमे आठवतात. मुळात तो भार खाली कसा उतरवायचा याचा हिशेब आहे. अर्धगोल कमानीची उंची रुंदीला बांधलेली असते. दहा फूट रुंद कमान मध्यावर पाचच फूट चढणार. टोकदार कमानीत वर्तुळाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवलेले असतात, त्यामुळे रुंदी तीच ठेवून उंची पाहिजे तितकी घेता येते. आणि कमान जितकी चढी, तितका बाजूला जाणारा रेटा कमी. घरी करून बघा. पत्त्यांतली दोन पानं एकमेकांना टेकवून उभी करा. पसरट ठेवलीत तर घसरतात, चढी ठेवलीत तर उभी राहतात.

तरी थोडा रेटा उरतोच. तो पेलायला बाहेरून जाड टेकू देतात, त्याला बट्रेस म्हणतात. कन्व्होकेशन हॉलला बाहेरून बघितलंत तर खिडकी, टेकू, खिडकी, टेकू अशी ओळ दिसेल. भार टेकूंवर गेला की मधली भिंत रिकामी झाली, तिथे उंचच्या उंच काचा लावा. सगळा डौल त्यातून आला.

आपल्या कॉलेजचा घुमट याच्या अगदी उलट. घुमटाचा रेटा चहूबाजूंनी सारखा असतो आणि तो पायाशी फाकू बघतो. उकडीचा मोदक सैल झाला की वाफेत कसा खाली बसतो, तसा. म्हणून घुमटाखाली भक्कम भिंती लागतात, त्यांना खिडक्या बेतानेच. एक इमारत भार मोजक्या जागी उतरवते, दुसरी तो सगळीकडे वाटते. दोन्ही बरोबर.

रुजण्याबद्दल विचारलंत, तर माझ्या मते निम्मं उत्तर दगडात आहे. पण आत्ता जेवायला बोलावतायत. उद्या लिहितो.

तिरकस

धागा वाचला. डोळे पाणावले. (कांदा चिरत होतो.)

साहेबांच्या देशातली चर्चची इमारत आणून ओव्हलवर ठोकली, वर बिग बेनची नक्कल केली, आणि दीडशे वर्षांनी आपण "रुजली कशी" म्हणून गहिवरतोय. रुजली कारण उपटली नाही. विषय संपला.

बडोद्यात राहून कौतुक कुणाचं, तर मुंबईतल्या गॉथिकचं. आपल्याकडे लक्ष्मीविलास राजवाडा आहे, न्यायमंदिर आहे, मांडवी दरवाजा आहे. त्यावर धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

गिरगावची_सून

रावसाहेब, काय आठवण काढलीत! माझं माहेर गिरगाव, लग्न होऊन दांडिया बाजारात आले त्याला आता एकतीस वर्षं झाली. एम.ए.ला असताना टॉवरला लागून असलेल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसलेय. खालून गोल जिना चढायचा. तो जिना बंद नाही, त्याला कमानींची जाळी आहे. चढताना दर वळणाला मैदानाचा एक तुकडा दिसतो आणि परत जातो. वर वाचनाची खोली, डोक्यावर लाकडाचं उंच छत, रंगीत काचा. दुपारी तीननंतर ऊन आत यायचं आणि वहीवर लाल-निळे डाग पडायचे. माझी मैत्रीण त्या डागावर पेन्सिलीने रेघ मारून ठेवायची, आणि अर्ध्या तासाने डाग किती सरकला ते बघायची. पास झाली बिचारी कशीबशी.

राजाबाई कोण, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. प्रेमचंद रायचंद हे मूळचे सुरतेचे, मुंबईतले कापसाचे आणि शेअर बाजाराचे राजे. त्यांनी दोन लाख ग्रंथालयाला आणि दोन लाख टॉवरला दिले. अट एकच, टॉवरला आईचं नाव द्यायचं. असं सांगतात की आईंना दिसत नव्हतं, आणि जैन असल्याने सूर्यास्ताआधी जेवण उरकायला हवं, तर या घड्याळाच्या ठोक्यांवरून त्यांना वेळ कळावी म्हणून हा घाट. खरंखोटं देव जाणे, पण आमच्या आजीने ही गोष्ट सांगितली की शेवटी म्हणायची, "बघा, पोरगा असावा तर असा." आणि मग आमच्या मामाकडे बघायची.

घड्याळात सोळा घंटा आहेत. पूर्वी त्यावर सोळा वेगवेगळ्या धुना वाजायच्या, इंग्लंडच्या राष्ट्रगीतासकट. आता एकच वाजते, दर पंधरा मिनिटांनी.

रावपुऱ्याचा_राव

@गिरगावची_सून, ताई, जिन्याचं वर्णन वाचून परत मुंबईला जावंसं वाटायला लागलंय.

@तिरकस, तुम्ही कांदा चिरा. बिग बेनचं उत्तर कुणीतरी देईलच.

फाइनआर्ट्सचा_कट्टा

बिग बेनचं मी देतो. तिरकस काका, दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून बघा. लंडनचा तो टॉवर ९६ मीटर, आपला ८५. तो जमिनीपासून घड्याळापर्यंत सरळ चौकोनी जातो. राजाबाई खाली चौकोनी आहे, पायाशी गाडी थांबायला पोर्च आहे, आणि वर जाता जाता तो अष्टकोनी होतो. कोपरे कापत गेल्यासारखा. त्यामुळे खालून जड आणि वरून हलका दिसतो. घड्याळ आहे म्हणून बिग बेनची नक्कल म्हणायचं, तर मग मांडवीवरचं घड्याळ पण तिथलंच म्हणा.

आणि "चर्चची इमारत" म्हणालात त्यावरही. हॉल जुन्या फ्रेंच गॉथिकच्या धर्तीवर आहे, ग्रंथालय आणि टॉवर चौदाव्या शतकातल्या गॉथिकच्या. हॉलच्या एका टोकाला चर्चमध्ये असतो तसा अर्धगोल भाग आहे हे खरं. चर्चमध्ये तिथे वेदी असते, इथे कुलगुरू आणि मंडळी बसतात. पण ग्रंथालय बघताना चर्च आठवत नाही, व्हेनिस आठवतं. खाली कमानींची ओळ, वर कमानींची ओळ, मध्ये सावली. व्हेनिसवाले समुद्रावर राहायचे, त्यांना वारा पाहिजे होता आणि ऊन नको होतं. मुंबईलाही तेच पाहिजे होतं. तेव्हा समुद्र ओव्हलच्या पलीकडेच होता, मरीन ड्राइव्हची भर नंतरची. म्हणजे पश्चिमेचा वारा थेट त्या कमानींत शिरायचा.

एक मजेशीर गोष्ट. स्कॉटला लंडनमधलं परराष्ट्र खात्याचं ऑफिस गॉथिकमध्ये बांधायचं होतं. पंतप्रधान पामर्स्टन म्हणाला, असलं काही नको, इटालियन पद्धतीचं करा. वर्षानुवर्षं वाद चालला. शेवटी स्कॉटने मान तुकवली आणि इटालियन पद्धतीचं बांधलं. म्हणजे जे त्याला साम्राज्याच्या राजधानीत बांधू दिलं नाही, ते मुंबईला पोस्टाने पाठवलं. तेव्हा "साहेबांची शैली" म्हणताना कोणत्या साहेबांची, हेही विचारायला पाहिजे. साहेबांतच एकमत नव्हतं.

तिरकस

पोरा, अभ्यास चांगला आहे. परीक्षेत मात्र मांडवीचं घड्याळ लिहू नकोस.

आजोबा_७८

सर्वांस नमस्कार. टंकनाची सवय नाही, चुका सांभाळून घ्याव्यात.

आमचे थोरले काका बडोदा कॉलेजात होते. तेव्हा परीक्षेसाठी मुंबईस जाणे म्हणजे घरात लग्नघाई असे. डबा, वळकटी, ओळखीच्यांच्या नावाची चिठ्ठी. निघताना आई हातावर दही ठेवी.

बडोद्याहून मुंबईच्या परीक्षेस निघालेला सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी मात्र मुंबईस पोचलाच नाही. विनायक नरहरी भावे. १९१६च्या मार्च महिन्यात इंटरच्या परीक्षेसाठी गाडीत बसले आणि सुरतेस उतरून काशीची वाट धरली. पुढे ते विनोबा झाले. त्याआधी आपली प्रमाणपत्रे त्यांनी चुलीत घातली होती. आई म्हणाली, अरे, कधी लागली तर? म्हणाले, नोकरी करायचीच नाही, तर कशाला लागतील?

तेव्हा रावसाहेब, आपल्या पणजोबांचे प्रमाणपत्र ट्रंकेत राहिले हे आपले भाग्य. ट्रंकेत डांबरगोळ्या घालाव्यात, परंतु कागदास चिकटून नव्हेत.

गिरगावची_सून

आजोबा, दंडवत! हे बडोद्यात राहूनही मला माहीत नव्हतं.

चुना_आणि_वाळू

काल अर्धवट सोडलं होतं, ते आता.

दगड. लंडनहून कागद आला, कागदाबरोबर दगड येत नाही. टॉवर उभा राहिला कुर्ल्याच्या दगडाने, तो जरा पिवळसर बदामी असतो. मुंबईच्या आसपास मिळणारा आपला नेहमीचा काळा दगड टणक, पण त्यावर बारीक पानंफुलं कोरायची म्हणजे पाथरवटाच्या छिन्नीची रोज धार जाणार. म्हणून त्या काळी मुंबईच्या इमारतींत नक्षीकामाला पोरबंदरचा दगड यायचा, जहाजाने. तो चुन्याचा दगड. खाणीतून काढल्यावर इतका मऊ असतो की करवतीने कापतात. आजही सौराष्ट्रात घरं त्याचीच बांधतात. त्यावर काम सुरेख उठतं. तोटाही तोच, खारी हवा आणि गाड्यांचा धूर त्याला खातो. जुन्या मुंबईतल्या इमारतींवर नाकं झिजलेले चेहरे दिसतात ना, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

चुना घाणीचा. बैल फिरवून मळलेला. सिमेंटपेक्षा सावकाश घट्ट होतो पण थोडा लवचीक राहतो, इमारत किंचित हलली तरी सांधे तडकत नाहीत. आमच्या काळात डागडुजीला काही शहाणे जुन्या दगडांच्या सांध्यात सिमेंट भरायचे. मग ओल आत अडकते, बाहेर पडायला वाट शोधते, आणि सिमेंट तसंच राहून शेजारचा दगड पापुद्र्यांनी सुटतो. मी स्वतः उमेदीच्या वयात एका जुन्या सरकारी इमारतीवर हे पाप केलंय. कुठे ते सांगत नाही. दोन पावसाळ्यांनी जाऊन बघितलं तेव्हा शरमेने मान खाली गेली.

आता पावसाचं. गॉथिकमध्ये गार्गॉइल म्हणून प्रकार असतो. छपराच्या कडेला तोंड वासून बसलेले प्राणी. लोकांना वाटतं शोभेचे. ते पन्हळीचं तोंड आहे, छपराचं पाणी भिंतीपासून लांब फेकायला. आपल्या देवळात गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी बाहेर काढायला मकरमुख असतं की नाही? तीच कल्पना. युरोपातल्या रिमझिम पावसात त्या जनावरांना फारसं काम नसेल, मुंबईच्या जुलैमध्ये खरी कसोटी लागते. उतरतं छप्पर, खोल कमानी, लांब पाणी फेकणारी पन्हळ, यातलं काहीच मुंबईला परकं नव्हतं. कोकणातल्या घराला यापेक्षा वेगळं काय लागतं?

म्हणून माझं उत्तर, स्कॉट आला नाही याने फार बिघडलं नाही. ज्यांनी बांधलं ते तिथेच होते.

रावपुऱ्याचा_राव

हेच मला म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते! नकाशा लंडनचा, पैसा सुरतेचा, हात आपले.

तिरकस

लागले लगेच फलक रंगवायला. "हात आपले" म्हणजे कुणाचे? मुंबई बांधली त्यात तेलंगणातून आलेले कामाठी होते, कच्छी मिस्त्री होते, आणखी कोण कोण. सगळं श्रेय मराठी माणसाला देऊन टाकू नका.

आणि पैसा सुरतेचा, तोही फक्त टॉवर-ग्रंथालयाचा. हॉलला लाख रुपये दिले कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी, म्हणून त्याला त्यांचं नाव. पारशी. रोख पैशाचे व्यवहार म्हणून आडनावच रेडीमनी. त्यांचा पुतळा आवारात बसलाय. तो बघितला नसेल तुम्ही, वर बघत होतात ना.

रावपुऱ्याचा_राव

तिरकसराव, मान्य. "हात इथले" असं वाचावं.

(तुम्हाला इमारत आवडत नाही, तर एवढी माहिती कशी?)

तिरकस

आवडत नाही असं कुठे म्हटलं? गहिवर आवडत नाही म्हटलं.

पैशाचा विषय निघालाय तर पुरं सांगतो. अमेरिकेत १८६१ला यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस मँचेस्टरला जाईना, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर. प्रेमचंद शेठ त्या पुराच्या मध्यावर. समुद्र बुजवून जमीन काढायच्या कंपन्या, त्यांचे शेअर, त्या शेअरांवर बँकांचं कर्ज, त्या कर्जाचे परत शेअर. देणग्या दिल्या १८६४ साली. १८६५ला युद्ध संपलं, कापूस पडला, बाजार कोसळला, बँका बुडाल्या आणि शेठही बुडाले. टॉवरची पायाभरणी झाली ती त्यानंतर चार वर्षांनी. म्हणजे देणारा कर्जात, आणि त्याच्या आईच्या नावाचा टॉवर चढतोय वर वर. शेठ नंतर सावरले. पण त्या मधल्या वर्षांत एस्प्लनेडवरून, म्हणजे तिथल्या मोकळ्या मैदानावरून, जाताना त्यांना काय वाटत असेल, हे मला त्या टोकदार कमानींपेक्षा जास्त बघण्यासारखं वाटतं.

फाइनआर्ट्सचा_कट्टा

काका, हे भारी आहे. यावर तुम्हीच वेगळा धागा काढा.

हातांबद्दल एक भर घालतो, कारण त्यात एक नाव सापडतं, आणि असं नाव फार कमी वेळा सापडतं. टॉवरवर पश्चिम हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे २४ पुतळे आहेत. कच्छी, राजपूत, पारशी असे. काही खाली, बाकीचे पार वर. ते घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी, सरकारी खात्यातले असिस्टंट इंजिनिअर.

युरोपातल्या गॉथिक इमारतीवर अशा जागी संत असतात, देवदूत असतात, राजे असतात. मुंबईच्या विद्यापीठावर त्या कोनाड्यांत पगडीवाले, फेटेवाले उभे केले. लंडनच्या ऑफिसात बसून कुणी कच्छी माणसाच्या पागोट्याचा पीळ काढू शकला असता असं मला वाटत नाही. त्याला रोज बाजारात बघणारा माणूसच पाहिजे. शिल्पकलेच्या वर्गात आम्हाला कपड्याच्या चुण्या करायला लावतात तेव्हा कळतं. दगडाचं धोतर धोतरासारखं पडायला हवं, पडद्यासारखं पडून चालत नाही.

चुना_आणि_वाळू

वा. असिस्टंट इंजिनिअर! आमच्याच खात्यातला. आता ऊर भरून आला म्हटलं तर तिरकस रागावतील.

गिरगावची_सून

हॉलमधल्या गोल खिडकीबद्दल कुणीच लिहिलं नाही. वीस फूट व्यासाची, रंगीत काचेची, आणि तिच्यात बारा राशी आहेत. मेष, वृषभ, मिथुन, सगळ्या. आमच्या पदवीदानाला माझ्या शेजारी बसलेली मुलगी पूर्ण वेळ वर बघून आपली रास शोधत होती. ती वृश्चिक. नाव पुकारलं तेव्हाही तिची मान वरच, मी कोपराने ढोसलं.

इतकी विज्ञान शिकवणारी संस्था आणि काचेत राशिचक्र, हे तेव्हा गमतीचं वाटलं होतं. युरोपातल्या जुन्या कॅथीड्रलांतही राशी असतात असं पुढे कळलं.

आजोबा_७८

राशींविषयी वाचून आनंद वाटला. आमच्या काकांची रास कन्या होती. ते मुंबईस परीक्षा देऊन पास झाले, मात्र पदवीदानास गेले नाहीत. झगा भाड्याने घ्यावा लागे आणि गाडीभाडे निराळे. पदवी टपालाने आली. तेव्हा कन्या राशीने त्यांना पाहिले नाही.

वाचनमात्र_होतो_आजवर

पहिलाच प्रतिसाद. मी अलकापुरीत राहतो, रोज आर्ट्स फॅकल्टीवरून जातो. धागा वाचून काल तिथे गाडी थांबवली.

चिझम आणि स्कॉट अशी तुलना सुरू आहे, तर एक फरक सांगावासा वाटतो. चिझम मद्रासला वर्षानुवर्षं राहिलेला. तिथल्या विद्यापीठाचं सिनेट हाऊसही त्याचंच, १८७९ला पुरं झालेलं. तो इथली जुनी बांधकामं हिंडून बघायचा, गवंड्यांशी बोलायचा. आपल्या कॉलेजचा घुमट बघितला की विजापूरचा गोलघुमट आठवतो, तो उगाच नाही. लक्ष्मीविलासही, त्याचा आधीचा वास्तुकार मेजर मँट १८८१ला वारल्यावर, चिझमनेच पुरा केला, १८९०ला. म्हणजे एकाने आयुष्य इथे घालून इथल्यासारखं काहीतरी बांधलं, आणि दुसऱ्याने न येता तिथल्यासारखं बांधलं. रावसाहेबांचा प्रश्न मला उलटा पडतो. चिझमची इमारत "इथली" दिसावी म्हणून केलेली आहे. तरी काल खाली उभा राहिलो तर तिथे घुमट, छत्र्या, जाळ्या, सगळं एकदम बोलतंय असं वाटलं. स्कॉटची इमारत इथली दिसायचा प्रयत्नच करत नाही. कदाचित म्हणून ती शांत वाटते.

चूकभूल द्यावी घ्यावी. आणि कबुतरं फार झालीत.

चुना_आणि_वाळू

@वाचनमात्र, आजवर गप्प का होतात? पटत नाही, पण मुद्दा चांगला आहे. चिझमच्या बाजूने मी बोलेन. जाळीचा उपयोग मे महिन्यात दुपारी दोन वाजता कळतो. काल संध्याकाळी नाही.

तिरकस

मुंबईच्या गॉथिकला युनेस्कोने २०१८ला जागतिक वारसा म्हटलं, ओव्हलच्या दुसऱ्या बाजूच्या, नंतरच्या आर्ट डेको शैलीतल्या घरांसकट. रावसाहेब ज्या बाजूच्या कुंपणाला टेकले होते, त्यांच्या पाठीमागे तीच घरं होती. मान वळवली असती तर साठेक वर्षांचं अंतर एका नजरेत दिसलं असतं. वळवलीत का?

आपल्याकडे चांपानेर आहे यादीत, २००४पासून. अहमदाबादही आलं. बडोद्याचा घुमट आपला कबुतरांना.

रावपुऱ्याचा_राव

नाही वळवली. पाठीमागे घरं आहेत एवढंच माहीत होतं, सावली त्यांचीच होती.

बरं, आता कामाचं. पुढच्या महिन्यात परत जाणं आहे, जोडप्याला आणायला. टॉवरवर चढायला सामान्य माणसाला मिळत नाही, म्हणून खालूनच. यावेळी ते २४ पुतळे मोजायचे आहेत. मी काढलेले फोटो मोठे करून बघितले तर पार वर एका कोनाड्यात एक पगडीवाला दिसतोय. बायको म्हणते फेटा, मी म्हणतो पगडी, आणि मुलगा म्हणतो कबुतर. कुणाकडे चांगली दुर्बीण आहे का?

फाइनआर्ट्सचा_कट्टा

माझ्याकडे आहे, पक्षी बघायची. मी पण येतो, स्केचिंग करायचंय. सकाळी जाऊ नका, काका. टॉवरचं तोंड पश्चिमेला आहे. दुपारी तीननंतर ऊन अंगावर येईल तेव्हा पगडीचा पीळ दिसेल.

गिरगावची_सून

मीही येतेय. जिना वर जाऊ देतात का, विचारून ठेवते. लीलो चिवडा मी आणीन, बाकीच्यांनी पाण्याच्या बाटल्या.

तिरकस

पुतळा रेडीमनींचा आहे तो विसरू नका. खालीच आहे, दुर्बीण लागणार नाही.

कुठली गाडी?